सोललेल्या लॅकरवर पॉलिश चालत नाही

दहा-बारा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या चारचाकीच्या टपावर आणि बोनेटवर एक ठरावीक झीज दिसू लागते. आधी चकाकी जाते, मग दुधाळ पट्टे उमटतात आणि एखाद्या कडक उन्हाळ्यानंतर त्या पट्ट्यांच्या कडा सुटून पापुद्रे निघू लागतात. आमच्या चंदेरी सेडानचे बोनेट या अवस्थेला पोहोचले तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देत होता की, चांगल्या ठिकाणी नेऊन पॉलिश मारून घ्या. सल्ल्यामागचा हेतू चांगला असला तरी या दुखण्यावर तो इलाज नाही. पॉलिशवर पैसे घालवून पुन्हा गॅरेजची पायरी चढणारे इतके लोक मी पाहिले आहेत की, हा विषय एकदा नीट लिहून काढावा असे वाटले.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, म्हणजेच क्लिअर कोट, अशी रचना असते. हे सगळे मिळून कारखान्यातून निघालेल्या गाडीवर साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरते, आणि त्यात लॅकरचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. वहीचा एक कागद सुमारे 100 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्या चकाकीवर जीव टाकतो ती अर्ध्या कागदाएवढ्या थरात सामावलेली असते. उन्हातील अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये या लॅकरमध्ये मिसळलेली असतात आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती संपत जातात. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाचा पत्रा 60-70 अंशांपर्यंत सहज तापतो. त्यानंतर पहिल्या पावसाचे पाणी बारीक भेगांतून आत शिरते आणि लॅकरची रंगावरची पकड सुटते.

पॉलिश नेमके काय करते हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न सुटतो. पॉलिश लॅकरचा वरचा एखाद-दोन मायक्रॉनचा भाग घासून सपाट करते, त्यामुळे फडक्याचे बारीक ओरखडे आणि खारट पाण्याचे हलके डाग जातात. मात्र जिथे लॅकर उरलेच नाही किंवा खालून सुटले आहे तिथे घासण्यासारखे काहीच शिल्लक नसते, उलट मशीनच्या उष्णतेने शेजारच्या कच्च्या कडा अधिक उचलल्या जातात. जुन्या पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरवर पॉलिशने कायापालट व्हायचा याचे कारण त्या गाड्यांचा रंग आणि चकाकी एकाच थरात होती. आपल्या गाडीवर कोणता प्रकार आहे हे ओळखायचे असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड (रंग घासून उजळ करणारी पेस्ट) घेऊन कोपऱ्यात घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे, न लागल्यास वर लॅकर आहे.

ओरखड्यांसाठीही अशीच सोपी परीक्षा आहे. ओरखड्यावर पाणी टाकले की तो दिसेनासा झाला आणि नखही अडकले नाही, तर तो लॅकरपुरता आहे आणि पॉलिशने जाईल. नख अडकले तर पॉलिशकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि तळाशी करडा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर टच-अप लवकर करून घ्यावे, विशेषतः गाडी कोकणात किंवा गोव्यात समुद्रालगत राहत असेल तर.

आता सोललेल्या बोनेटविषयी. मी ओळखीच्या पेंटर मिस्त्रींकडे हे काम दिले आणि घासकामाच्या वेळी स्वतः त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. घासायला घेण्यापूर्वी त्यांनी चिकटपट्टीची परीक्षा केली. दुधाळ डागाच्या बाहेर, जिथे लॅकर डोळ्यांना धडधाकट दिसत होते तिथे त्यांनी टेप घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली. टेपबरोबर तळहाताएवढा पारदर्शक पापुद्रा निघून आला. खराबी डोळ्यांना दिसते त्याहून बरीच पुढे पसरलेली असते, आणि टेपला काही चिकटेनासे होईपर्यंत ते मागे मागे सरकत राहिले. ही पायरी गाळून दिसतो तेवढाच डाग घासला आणि वर फवारा मारला, तर नवे लॅकर जुन्या सुटलेल्या लॅकरवर बसते आणि त्याच्यासकट उचलले जाते.

त्याआधी गाडी धुऊन, मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसून घेतला होता. हा क्रम उलटा झाला तर पेपरबरोबर (घासकागदाबरोबर) मेण रंगात घासले जाते आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग 320 नंबरच्या पेपरने लॅकरच्या कडा उतरत्या केल्या आणि 400 ने त्या मऊ केल्या. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे आहे. मिस्त्री डोळे मिटून चार बोटे त्या कडेवरून आडवी फिरवत आणि जिथे किंचितही पायरी लागे तिथे पुन्हा पेपर धरत. मला दिसत नव्हती अशी पायरी त्यांच्या सांगण्यावरून बोटांना कळू लागली, आणि या कामात कौशल्य कुठे असते ते समजले. फवारणी अर्ध्या तासाची असते, घासकाम मात्र दिवस खाते. दर ठरवताना गिऱ्हाईक याच भागात घासाघीस करते आणि नंतर रंग उडाल्याची तक्रार करते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कडा उतरत्या केल्यावर थेट रंग मारता येत नाही. नव्या रंगातले थिनर जुन्या लॅकरच्या त्या पातळ कडेत मुरते, कड फुगते आणि वाळल्यावर नकाशासारखी रेघ उमटते. म्हणून संपूर्ण बोनेटवर हार्डनर, म्हणजे थर कडक करणारे द्रव्य, मिसळलेला प्रायमर मारून, तो पूर्ण वाळवून, 600 आणि 800 च्या पाणी पेपरने सपाट केला. मध्ये दोन ठिकाणी दगडाच्या टिचक्यांनी पत्रा उघडा पडला होता. तिथे मिस्त्रींनी पाणी लावू दिले नाही, कारण उघड्या पत्र्यावर पाणी राहिले तर रंगाखाली गंज धरतो.

लॅकर नेहमी पॅनेलच्या कडेपर्यंत न्यावे, मध्येच विरवू नये, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वस्तात काम करणारे डागापुरते लॅकर मारून कड थिनरने विरवतात. त्या दिवशी ते सुंदर दिसते, पण विरलेली कड काही मायक्रॉनचीच असते आणि उन्हात तीच आधी सुटते. रंगाचे मात्र उलट आहे. चंदेरीसारख्या मेटॅलिक छटेत ॲल्युमिनियमचे कण असतात आणि फवारा ओला बसला तर रंग गडद, कोरडा बसला तर फिका दिसतो. दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवरील रंगाचा कोड बरोबर असला तरी दहा वर्षे उन्हात राहिलेली गाडी त्या कोडशी तंतोतंत जुळत नाही. यासाठी आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि लॅकर मारून तो उन्हात, समोरून आणि तिरक्या नजरेने, गाडीशी ताडून पाहावा लागतो. फरक उरलाच तर रंग शेजारच्या फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) थोडा विरवून मग त्या फेंडरवर पूर्ण लॅकर घ्यावे लागते. गॅरेजवाला फेंडरचेही पैसे सांगतो तेव्हा तो दर वेळी फसवतच असतो असे नाही.

आता जी गोष्ट कळकळीने सांगायची आहे ती. दोन भागांत येणाऱ्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची वाफ आणि तुषार श्वासात गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास उसळतो. वास येत नाही म्हणून धोका नाही असे समजू नये, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क येथे काहीही अडवत नाही. नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हीच खरी सोय आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या टपरीत उघड्या तोंडाने गन चालवणारी पोरे पाहिली की जीव कळवळतो. ज्या गॅरेजात बूथ, म्हणजे फवारणीची बंदिस्त खोली, आहे आणि पेंटर मुखवटा लावतो तिथे चार पैसे जास्त द्यावेत. घरच्या पार्किंगमध्ये हे लॅकर फवारण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्प्रे कॅनमध्ये हार्डनर नसते, त्यामुळे ते लॅकर पेट्रोलच्या ओघळानेही विरघळते. हार्डनरसह येणारे कॅन टिकतात, पण त्यांना वरची सगळी खबरदारी तशीच लागते.

आमच्या बोनेटवर रंगाचे पातळ हात आणि त्यावर लॅकरचे दोन हात झाले, प्रत्येक हातानंतर थिनर उडून जाण्यापुरते थांबून. बूथमध्ये पत्रा 60 अंशांवर अर्धा तास भाजला. पृष्ठभागावर बसलेले धुळीचे कण 2000 आणि 3000 च्या पेपरने काढून मग पॉलिश झाले. पॉलिशचे खरे काम येथे असते, धडधाकट लॅकरवर. पुढचे काही आठवडे मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नये असे मिस्त्रींनी बजावले, कारण लॅकरमधले उरलेले थिनर बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावी, कोरडी खरवडू नये, हेही त्यांनी सांगितले.

टपाचे काम पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर काढणार आहे. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या काळ्या रबरी पट्ट्या आणि अँटेना काढूनच रंग मारायचा असे ठरले आहे, कारण रबराला टेप लावून काम उरकले तर लॅकर त्या टेपपाशी उघड्या कडेने संपते आणि पुढच्या उन्हाळ्यात पहिला पापुद्रा तिथूनच उठतो.