अडतिसाव्या वर्षी छातीवर नंबर

बेळगावजवळच्या आमच्या मुतग्यात पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी माणसं दोनच प्रकारची. एक भरतीवाली सतरा-अठराची पोरं, दुसरे डॉक्टरनं शुगर सांगितल्यावर जागे झालेले काका. मी ह्या दोन्हीत बसत नाही त्यामुळं कुत्र्यांचा घोळ होत असावा, कारण ती पोरांना सोडतात, काकांनाही सोडतात आणि नेमकी माझ्या मागं लागतात. परवा शेजारच्या वहिनींनी सडा टाकता टाकता विचारलंच, "भावजी, वजन उतरवायलाय व्हय?" मी हो म्हटलं आणि पुढं पळालो. अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला असलेला माणूस मिलिटरी ऑफिसरची तयारी करायलाय हे सकाळी सकाळी सडा थांबवून समजावून सांगायला दम लागतो आणि तो तेव्हा आधीच गेलेला असतो.

आता निवांत सांगतो.

माझं मूळ दुखणं विमानाचं. घर सांबऱ्याच्या जवळ, तिथं एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल, त्यामुळं लहानपणापासून निळ्या कपड्यातली माणसं बघितलेली. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, म्हणजे घरात पलटणीच्या गोष्टी आणि डोक्यावर विमानाचा आवाज, पोरगं बिघडायला अजून काय पायजे. बीई झाल्या झाल्या २००९ साली सीडीएसची, म्हणजे ग्रॅज्युएट पोरांना सैन्यात ऑफिसर व्हायच्या परीक्षेची, लेखी काढली आणि मैसूरला एअर फोर्सच्या सिलेक्शन बोर्डाला गेलो. तिथं पायलटसाठी पीएबीटी नावाची एक टेस्ट असायची. आधी कागदावर विमानातल्या डायलचे फोटो देऊन विमान कुठल्या बाजूला झुकलंय, चढतंय की उतरतंय ते विचारायचे, मग मशीनवर बसवायचे, हातात जॉयस्टिक आणि पायाखाली पेडल, समोर एक उजेडाचा ठिपका पळतोय तो मधोमध धरून ठेवायचा. माझा हात बरा चालला, पाय काय ऐकेनात. एक पाय दाबला की ठिपका पार कडेला जाऊन बसायचा, त्याला आणायला दुसरा दाबला की तो तिकडच्या कडेला. फेल.

आणि ह्या टेस्टचा नियम असा की आयुष्यात एकदाच. एकदा फेल झाला की परत कुठल्याही एंट्रीतून, कितीही सराव करून आला तरी एअर फोर्सचा पायलट होता येत नाही. आता ती कॉम्प्युटरवर होते, सीपीएसएस म्हणतात, नियम तोच. मला बावीसाव्या वर्षीच हे दार बंद झालं होतं म्हणा, खरं लोकांना वाटतं की वयामुळं राहिलं आणि मीही बरीच वर्षं तसंच सांगत आलो, कारण 'वय गेलं' म्हणायला बरं वाटतं, 'पाय ऐकेनात' म्हणायला नाही.

वयाचं म्हणाल तर ते गणित सरळ आहे. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस. एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचला वीस ते चोवीस, हातात आधीच डीजीसीएचं, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याचं, कमर्शियल लायसन असेल तर सव्वीसपर्यंत. सव्विसाच्या पुढं लढाऊ विमान विसरायचं. आमच्याकडं बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, तपासायला प्लग गेज असतं, त्याचं एक टोक 'गो', ते आत गेलंच पाहिजे, दुसरं 'नो-गो', ते आत जाता कामा नये. बोअर लहान राहिला तर पीस परत मशीनवर चढवून रिवर्क करता येतं, एकदा मोठा झाला की भंगारात. मी रोज दोन-चारशे पीस असे बघतो, त्यामुळं ज्या दिवशी आपण मोठा झालेला बोअर आहे हे लक्षात आलं त्या दिवशी रडत वगैरे बसलो नाही, नुसता त्या पीसला खडूनं लाल फुली मारली आणि चहाला गेलो.

टेरिटोरियल आर्मीचं मला कळलं ते बाबांच्या एका जुन्या सोबत्याकडून, मिलिटरी कँटीनच्या लाइनीत. टीए म्हणतात तिला. १९४९ पासून आहे. आमच्या भागातली पोरं कोल्हापूरच्या १०९ मराठा टीए बटालियनमध्ये जवान म्हणून जातात तेवढं माहीत होतं, खरं ऑफिसरसाठी वय १८ ते ४२ चालतं हे माहीतच नव्हतं. ४२! मी दोनदा विचारलं. आणि गंमत म्हणजे इथं नोकरी सोडून यायचं नाही, उलट नोकरी-धंदा असलाच पाहिजे ही अट. डिग्री पाहिजे, कमाई पाहिजे, आणि वर्षातून साधारण दोन महिने वर्दी. पहिल्या वर्षी एक महिन्याचं बेसिक, शिवाय वार्षिक कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं, म्हणजे ऑफिसर झाल्यावरचं, ट्रेनिंग. वर्दीत असाल तेवढ्या दिवसांचा पगार, बाकीचे दिवस आपली फाउंड्री. हे पोटापाण्याचं साधन नव्हे हे आधीच डोक्यात घ्या, पेन्शनच्या आशेनं जाणाऱ्यांनी तर जाऊच नये.

हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे धोनीसारखं?" नाही बाबा. धोनीला २०११ साली मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तो मान आहे. परीक्षा देऊन आलेलं उदाहरण पाहिजे तर सचिन पायलट, २०१२ साली केंद्रात मंत्री असताना, पस्तिशीला टेकल्यावर टीएमध्ये लेफ्टनंट झाले. आडनाव पायलट, हे माझ्या बायकोला फार आवडलं. "तुम्ही आधी आडनाव तर बदला," म्हणाली.

लेखीला दोन पेपर, एकात रिझनिंग आणि गणित, दुसऱ्यात जीके आणि इंग्लिश, चुकीला मायनस. गणित थोरल्या मुलीच्या पुस्तकातून केलं, ती सातवीला आहे, नफा-तोट्याची उदाहरणं तिनंच समजावली आणि मला 'ढ' म्हणाली. इंग्लिशचं जरा जड गेलं, शाळा मराठी, कॉलेजात पोर्शन इंग्लिश आणि दोस्त कन्नड, त्यामुळं आपली इंग्लिश म्हणजे ड्रॉइंगवरच्या नोट्स वाचण्यापुरती.

अभ्यासापेक्षा जास्त वेळ कागदांनी खाल्ला. माझ्या डिग्रीवर 'बेळगाम', आधारवर 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी नाव बदललं (त्या तारखेला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमच्याकडं मराठी माणसांचा काळा दिवस, सीमाभागातल्यांना सांगायला नको). जन्मदाखला कन्नडमधून, शाळेचा दाखला मराठीतून, त्यात आडनावाचा एक काना इकडं आहे तिकडं नाही. कागद तपासणारा भला माणूस होता, त्यानं शांतपणे विचारलं, "ही दोन वेगळी गावं आहेत का?" मी म्हटलं साहेब, एकच आहे, आमच्या घरात त्याला बेळगाव म्हणतात, म्हणजे तिसरं. शेवटी नोटरीकडून अफिडेविट केलं.

मग मालक. टीएसाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आमचे मालक साठीचे, स्वतः खराद मशीनवर उभं राहून वर आलेले, त्यांना मी नोटिफिकेशनची प्रिंट दिली. त्यांनी चष्मा वर केला. "युद्ध लागलं तर?" मी म्हटलं बोलावतील. "मग माझं डिस्पॅच कोण बघतंय?" मी सांगितलं की १९४८ च्या टीए कायद्यात आहे, सेवेहून परत आलेल्या माणसाला मालकानं कामावर परत घेतलं पाहिजे. कायद्याचं नाव काढायला नको होतं. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी लेटरहेडवर सही करून टेबलावर ठेवलं आणि वर म्हणाले, "परत घ्यायला लागतंय म्हणे, खरं तू आधी जा तर."

लेखी निघाली, पुण्याचा इंटरव्ह्यू बोर्डही निघाला आणि मला बेंगळूरचं एसएसबीचं, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाचं, बोलावणं आलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालो. बाबा स्टेशनवर आले होते, आयुष्यभर साहेबांना सॅल्यूट ठोकलेला माणूस, मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "ऑफिसर मेसचं बिल स्वतःच्या खिशातनं भरायला लागतंय, म्हाईत हाय न्हवं?"

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात निम्म्याहून जास्त बॅगा उचलून परत. मी राहिलो. छातीवर नंबर मिळाला, १४. आमचा सगळा ग्रुप टीएचा, म्हणजे एक डॉक्टर, एक प्राध्यापक, दोन बँकवाले, एकजण स्वतःचा पेट्रोल पंप असलेला, सगळे तिशी ओलांडलेले. ग्रुप ऑब्स्टॅकल रेसला एक लांबडं गुंडाळलेलं तंबूचं कापड सगळ्यांनी मिळून अडथळ्यांवरून न्यायचं असतं, त्याला स्नेक म्हणतात. आधी घोषणा ठरवायची असते. मी म्हटलं मराठा पलटणीची घेऊया, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', पेट्रोल पंपवाला पंजाबचा होता, तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडला. भिंतीवर प्राध्यापक सरांना आम्ही तिघांनी अक्षरशः पोत्यासारखं वर ढकललं. पलीकडं उतरल्यावर ते म्हणाले, "थांबा, चष्मा." पाच माणसं आणि एक स्नेक, सगळे चष्मा शोधायला. स्नेक जमिनीला टेकवायचा नाही असा नियम आहे, त्या गडबडीतही कोणी तो टेकवला नाही, हे मला अजून आवडतं.

खरं मी तिथं पडलो नाही, पडलो खोलीत बसून लिहिताना.

सायकॉलॉजीच्या टेस्टमध्ये एकामागून एक साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, त्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. विचार करायला वेळच नसतो, तीच तर मेख आहे. एक शब्द आला 'रिस्क'. मी काय लिहावं? 'रिस्क इज कव्हर्ड बाय इन्शुरन्स.' परतीच्या ट्रेनमध्ये हुबळीच्या पुढं कुठंतरी हे आठवलं आणि मी बर्थवर एकटाच हसायला लागलो. अंधुक चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात तेव्हाही तेच, बावीस वर्षांचा असताना मैसूरला मी नदीकाठच्या माणसाला पुरात उडी मारायला लावली होती आणि तीन जणांना वाचवलं होतं. आता अडतिसाव्या वर्षी तसंच काहीतरी चित्र आलं तर माझा माणूस आधी फायर ब्रिगेडला फोन करतो, दोरी शोधतो, गावकऱ्यांना गोळा करतो, आणि चार मिनिटं संपतात. माणूस तसाच पाण्यात राहतो. हे शहाणपण खोटं नाही, तेरा-चौदा वर्षं शॉपफ्लोअरवर मी असाच टिकलोय, खरं तिथं बसलेल्या साहेबाला कळायला पाहिजे की हा माणूस शेवटी उडी मारणार की नाही, आणि ते माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. पळायचा सराव केला, रिझनिंग केलं, ह्याचा सराव कोणी सांगितला नव्हता. वय झालेल्यांना मी एवढंच सांगीन की गुडघ्यापेक्षा ह्याकडं बघा.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली, नंबर वाचले, १४ नव्हता. डॉक्टरचा होता. आम्ही सगळ्यांनी त्यांना उचललं.

आता विमान. सांबरा एअरपोर्टवर हल्ली फ्लाइंग ट्रेनिंग सुरू झालंय, पांढरी छोटी विमानं मुतग्याच्या रताळ्यांच्या शेतांवरून भुंग्यासारखी गोल गोल फिरत असतात. सिव्हिलमध्ये सुरुवात करायला वरची वयोमर्यादा नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल, नेव्हिगेशन-हवामान-नियमांचे पेपर, रेडिओचं लायसन आणि कमर्शियलसाठी २०० तास उड्डाण. चाळिशीतही मिळतं आणि एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडवता येतं. हे ऐकून माझा एक वर्गमित्र भलताच पेटला, वय माझ्याएवढंच, म्हणाला रोडटचची दहा गुंठं काढतो. मी त्याला सांगितलं खुळ्यासारखं करू नको. कमर्शियलपर्यंत जायला ५० लाखांच्या घरात खर्च, त्यावर जे विमान उडवायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरती परवानगी, वेगळं, आणि मग नोकरीच्या लाइनीत तुझ्या पुढं-मागं एकवीस-बावीसची पोरं, ज्यांच्यापुढं चाळीस वर्षं आहेत. एअरलाइनच्या स्वतःच्या कॅडेट स्कीमला वयाची अट असतेच. हौस म्हणून प्रायव्हेट लायसन कर, ४० तासांत होतं, जमीन ठेव. त्याला राग आला, म्हणाला तूच तर पळतोस रोज. मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं की पळायला गुंठे लागत नाहीत, तोपर्यंत तो गेला होता.

मी स्वतः मात्र मेडिकलची माहिती काढून ठेवलीय, प्रायव्हेट लायसनला लागतं त्या क्लास टूची. फक्त माहिती. बायकोला हे वाक्य पाठ झालंय.

टीएसाठी ४२ पर्यंत वेळ आहे. पुढचं नोटिफिकेशन अजून आलेलं नाही. परवा मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, मला वाटलं रिजेक्शनचा विषय, तर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बोट करून म्हणाले, "औंदा कधी पायजे सुट्टी? आधी सांगत जा की." मी म्हटलं तारीख आली नाही अजून. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पुढच्या महिन्याच्या पानावर, जीएसटीच्या तारखेखालच्या मोकळ्या चौकोनात, 'मिलिटरी?' असं लिहून ठेवलं.