आधी अर्थिंग, मग कंडेन्सर, आयसी शेवटी

नागपूर, मे महिना. रात्रीचे साडेदहा. कूलर बंद.

कॉम्प्युटरच्या साउंड कार्डातले सुटे भाग बदलून त्याचा आवाज सुधारायचा आहे, पण कूलर बंद केल्याशिवाय आज मोजमाप घेण्यात अर्थच नव्हता. त्याची मोटर आणि पाण्याचा पंप कॉम्प्युटरच्याच लाइनवर असले, तर स्पीकरमधली गुणगुण साउंड कार्डाची की घरातल्या वायरिंगची, हे सांगता येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे त्यात अर्थिंगची भर पडते. काळी माती भेगाळेपर्यंत सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, आतल्या फिल्टर कंडेन्सरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येतात. करंट अगदी थोडा असतो, पण टेस्टर मिणमिणतो आणि पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. कार्डातून आवाज बाहेर देणाऱ्या जॅकचा, म्हणजे लाइन-आउटचा, ग्राउंड याच पत्र्याला जोडलेला असतो. तो थोडासा करंट केबलच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. कार्डात कितीही महागडी आयसी बसवली तरी ती जात नाही.

म्हणून मल्टिमीटरने आधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघावं. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर खड्ड्यात पाणी घालायचं, क्लॅम्प घट्ट करवून घ्यायचा. ॲम्प आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावायचे. गुणगुण घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थची पिन कापतात. ते जिवावर बेतू शकतं.

त्यानंतर कार्डाची पाळी. लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये साडेतीन मिलिमीटरची छोटी केबल टाकून राइटमार्क ऑडिओ ॲनलायझर हे सॉफ्टवेअर चालवलं की नॉइज, डिस्टॉर्शन आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे आकडे मिळतात. इक्वलायझर आणि सगळे इफेक्ट बंद, लेव्हल शून्याच्या एक डेसिबल खाली. आकडे वहीत लिहूनच कार्ड बाहेर काढायचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : या जोडणीत लाइन-इनचा एडीसी, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचे डिजिटल आकडे करणारा भागसुद्धा मोजला जातो. तोच कमजोर असेल तर आउटपुट कितीही सुधारलं तरी आकडे तिथेच राहतात.

आता कंडेन्सर. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. खोलीत ४५ अंश असतील तर ग्राफिक कार्डाशेजारच्या स्लॉटमध्ये किती, ते हात घालून बघावं. म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घेताना ८५ अंशांचा माल घेऊच नये, १०५ चा मागावा. किती मायक्रोफॅरडचा घ्यायचा, हे हिशोबानं ठरतं. लाइन-आउटचा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ॲम्पचा १० किलोओहमचा इनपुट मिळून खालची मर्यादा १.६ हर्ट्झ येते. तिथे मोठा टाकून काहीच मिळत नाही, चालू करताना ठप्प आवाज मात्र वाढतो. पण त्याच वाटेनं ३२ ओहमचा हेडफोन चालवायचा असेल तर १०० मायक्रोफॅरडला मर्यादा ५० हर्ट्झवर येते, म्हणजे बास तिथपासूनच कमी होत जातो. ४७० टाकला की ती साडेदहाच्या आसपास उतरते. हा फरक कान लगेच ओळखतो.

बोर्डावर चपटे डबीसारखे कंडेन्सर असतील तर ते पकडीने ओढू नयेत, पॅड उखडतं. कार्डावरचा बिनशिशाचा सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतो, आपला ६३/३७ चा १८३ ला. म्हणून आधी दोन्ही टोकांवर फ्लक्स आणि शिशाचा ताजा सोल्डर घालायचा, मग ३४० अंशांवरच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने आळीपाळीने दोन्ही टोकं तापवत कंडेन्सर हलकेच वर उचलायचा. नवा बसवण्याआधी दोन्ही पॅडवरचं डीसी व्होल्टेज चालू कार्डावर मोजलेलं असावं. जिकडे जास्त, तिकडे प्लस.

पॉवरकडे फार कमी जण बघतात, आणि माऊस हलवला की खरखर होते ती बहुतेक वेळा तिथूनच येते. बऱ्याच कार्डांत स्लॉटच्या १२ व्होल्टमधून ७८एल०५ रेग्युलेटर ॲनालॉग भागासाठी ५ व्होल्ट बनवतो. त्याच्या इनपुटला सिरीजमध्ये १० ओहम आणि पुढे ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर लावला की साधारण ३४ हर्ट्झच्या वरचा कचरा उतरायला लागतो. २० मिलिअँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट पडतात, रेग्युलेटरला त्याचा त्रास नाही. माझ्या मते अख्ख्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा बदल हाच.

आणि शेवटी ऑपॲम्प, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणारी आयसी. जुन्या ४५५८ चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज बदलण्याचा वेग, मायक्रोसेकंदाला १ व्होल्टच्या आसपास, एनई५५३२ चा ९, ओपीए२१३४ चा २०. पण हे आकडे वाचून आयसी घेण्याआधी पिन ८ आणि पिन ४ या सप्लायच्या पायांमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजावं. जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये उणे १२ व्होल्ट असायचे, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ते नाहीत. त्यामुळे अनेक कार्डांवर ऑपॲम्प एकट्या ५ व्होल्टवर चालतो. तिथे ओपीए२१३४ टाकला तर त्याचं आउटपुट दोन्ही टोकांना व्होल्टभर आधीच अडतं आणि मोठ्या आवाजाला फाटतं. अशा जागी एडी८६५६ शोभतो. पण त्याची मर्यादा साडेपाच व्होल्टची, १२ व्होल्टच्या कार्डात तो जळतो.

खोट्या मालाची तपासणी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर होते. खऱ्या एनई५५३२ मध्ये दोन इनपुटांमध्ये उलटसुलट दोन डायोड असतात. सुटी आयसी हातात घेऊन पिन २ आणि ३ वर प्रोब लावले की ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसतात, प्रोब उलटे केले तरी तेवढेच. ५ आणि ६ वरही तसंच. वरचं नाव खरडून नवं छापलेल्या ४५५८ मध्ये हा आकडा येत नाही. दुकानातच तपासावं, पैसे देण्याआधी.

एलएम४५६२ सारखी चपळ आयसी बसवली तर पिन ४ आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर अगदी पायांना चिकटून हवा. तो दूर असला तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होते. सुरात खरखरीत कड जाणवते आणि दोन मिनिटांत आयसीवर बोट ठेववत नाही. बदलानंतर पिन १ आणि ७ या आउटपुटांचं डीसी मोजावं. अधिक-उणे अशा दुहेरी सप्लायवर काही मिलिव्होल्ट, एकट्या ५ व्होल्टवर अडीच व्होल्ट. ते अडीच व्होल्ट अडवायलाच आउटपुटचा कंडेन्सर आहे. ‘आवाज मोकळा होतो’ म्हणून तो काढून तार टाकणारे हेडफोनची कॉइल तापवून घेतात.

एका वेळी एकच बदल, अर्धा तास कार्ड चालवायचं, मग पुन्हा तीच केबल, तीच लेव्हल, तेच मोजमाप. आजच्या पानावर १० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडच्या आधीचे आकडे डावीकडे आहेत, नंतरचे उजवीकडे. आयसी अजून पुडीतच आहे.