जुन्या सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता: माझा अनुभव

मला अ‍ॅसेटिक आम्लाचं टायट्रेशन (माहीत तीव्रतेचं द्रावण थोडं थोडं मिसळून दुसऱ्याची तीव्रता मोजणं) करायचं होतं आणि कपाटात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची बरेच महिने पडून असलेली बाटली होती. द्रावण नितळ होतं, लेबलही स्पष्ट होतं. तरी लेबलवरच्या आकड्यावर विसंबायची माझी तयारी नव्हती.

फ्लास्कमध्ये १० मिलि द्रावण घेतलं, ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या नळीत, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा गुलाबी रंग ९.६ मिलिला गेला. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक टाकून पुढे थेंब थेंब सोडत राहिले, तेव्हा पिवळा रंग १०.० मिलिला नारिंगी झाला. ताज्या, शुद्ध द्रावणात हे दोन आकडे जवळपास सारखे येतात. मधला ०.४ मिलिचा फरक कार्बोनेटमुळे पडला होता.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड खर्ची घालून कार्बोनेट तयार करतो. मिथिल ऑरेंजच्या अंतिम बिंदूपर्यंत, म्हणजे त्याचा रंग बदलेपर्यंत, हे कार्बोनेट दोन्ही टप्प्यांत आम्ल घेतं, त्यामुळे एकूण बेरीज तीच राहते आणि बाटली नव्यासारखी वाटते. फिनॉल्फ्थॅलीन मात्र बायकार्बोनेटपाशीच, म्हणजे पहिल्या टप्प्यावरच, थांबतं. म्हणजे माझ्या बाटलीतलं ८ टक्के हायड्रॉक्साइड कार्बोनेटमध्ये गेलं होतं. अ‍ॅसेटिक आम्लासाठी फिनॉल्फ्थॅलीनच लागतं, म्हणून हा फरक थेट माझ्या उत्तरात उतरला असता.

नवं द्रावण करताना मी दाण्यांपासून सरळ ०.१ मोलर केलं नाही. दाणे हवेतली ओल शोषून चिकट होतात आणि त्यांच्यावर कार्बोनेटचा थर असतोच. आधी वजनाने ५० टक्क्यांचं द्रावण केलं. ते प्रचंड तापतं, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच. इतक्या तीव्र द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचा नितळ भाग साधारण ५.३ मिलि घेऊन उकळून गार केलेल्या पाण्यात १ लिटरपर्यंत वाढवला. मग पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या अचूक वजन करता येणाऱ्या घन आम्लाने तीव्रता ठरवली: २० मिलिसाठी ०.४१ ग्रॅमच्या आसपास, पण नेमकं वजन नोंदवायचं.

द्रावण पॉलिथिनच्या बाटलीत भरलं. काच अल्कलीने झिजते आणि काचेचं बूच घट्ट बसून उघडेनासं होतं. बाटलीच्या हवेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड शोषणारं सोडालाइम भरलं.

त्याच दिवशी शेजारच्या बाटल्याही पाहिल्या. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीभोवती पांढरा थर होता, कारण अमोनिया त्याच कपाटात. दोन्हींच्या वाफांतून अमोनियम क्लोराइड बनतं आणि दोन्ही बाटल्यांतला माल कमी होतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लाचं उलट आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पातळी वाढते आणि तीव्रता उतरते. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र झाकण घट्ट असेल तर बराच काळ टिकतं, म्हणून अल्कली तपासायला मी तेच वापरते. अमोनियाची बाटली वेगळ्या कपाटात हलवली, आणि नव्या बाटलीवर तीव्रतेबरोबर ती ठरवल्याची तारीखही लिहिली.