भडंग, स्ट्राँग आणि पिंपातली एल

सांगलीत विश्रामबागच्या परमिट रूममध्ये आमच्या टेबलावर कायम स्ट्राँग बिअरच यायची. ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, बर्फगार बाटली, सोबत भडंग. त्याच पैशात जास्त चढते, हा हिशेब तेव्हा मलाही पटायचा.

मग कामानिमित्त तीन महिने इंग्लंडात लीड्सला राहिलो. तिथल्या पबात पिंपातून हातपंपानं ओढलेली बिटर (एल जातीची कडवट बिअर) प्यालो. जेमतेम ३.८ टक्के, आणि थंड म्हणावी तर १२ अंशांच्या आसपास. पहिला घोट मिळमिळीत वाटला. अर्धा ग्लास संपता संपता भाजक्या पावाचा वास आला, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा कळायला लागला (कोवळ्या मेथीसारखा, कारल्यासारखा नव्हे). एल जरा उबेत आंबते, तेव्हा यीस्टमुळे फळांसारखे वास तयार होतात. बर्फगार बिअरमध्ये ते नाकाला लागतच नाहीत.

स्कॉटलंडच्या ब्रूडॉग या बिअर कंपनीनं २०१० मध्ये ५५ टक्क्यांची बिअर काढली होती. बिअर गोठवायची, पाण्याचा बर्फ बाजूला काढायचा, उरतं ते जहाल. कौशल्य आहे, मान्य. पण मला गप्पांना दोन तास पुरेल अशीच बिअर हवी. सांगलीत पिंपातली एल मला अजून सापडलेली नाही. भडंगाबरोबर ती कशी लागेल, हे एकदा बघायचंच आहे.