पगाराची स्लिप आणि पोराचा ताबा

मला माहेरी धाडलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, मुलगा चारचा. मुलगी माझ्यासोबत आली, मुलाला सासूबाईंनी ठेवून घेतलं. "वंशाचा दिवा हितंच राहील." भाऊबंदांची बैठक बसली, चहा झाला, सगळ्यांनी जुळवून घ्यायला सांगितलं. लेकरांच्या खर्चाचं कुणी तोंडातून काढलं नाही.

माहेर बीड जिल्ह्यातलं, सासर लातूरकडचं. नाना म्हणाले, "बाई, तिकडं जाऊन केस लढणं आपल्याला झेपंल का?" तिकडं जायची गरजच नव्हती. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा (2005) अर्ज बाई सध्या राहते तिथल्या कोर्टातही करता येतो. वकीलही फुकट मिळाला, तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून. त्यासाठी पिवळं रेशनकार्ड लागतं असं गावात सगळे सांगतात. बायकांना उत्पन्नाची अटच नाही.

वकीलबाईंनी एकाच अर्जात दोन्ही मागितलं: कलम 20 खाली खर्च, कलम 21 खाली पोराचा तात्पुरता ताबा. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं लेकरू साधारणपणे आईकडे असावं असं आहे, पण नुसत्या त्यावर भागत नाही. लेकराचं हित कुठं, हे कोर्ट बघतं. म्हणून अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं जोडलं. त्या चिठ्ठ्यांवर सोबत आलेल्याचं नाव दर वेळी माझंच होतं. अंतरिम आदेशाने मुलगा माझ्याकडे आला. रविवारी बापाने भेटायचं ठरलं.

मधे मुलीच्या शाळेचा घोळ झाला. सासरच्या गावच्या शाळेने टीसी अडवून धरली, "वडिलांना पाठवा" म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 5 प्रमाणे टीसीला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. इकडच्या मुख्याध्यापकांनी हे ऐकलं आणि मुलीला वर्गात बसवलं.

खरी लढाई पैशाची. नवरा चाकणला कंपनीत आहे, पण शपथपत्रात लिहिलं, शेतमजुरी, महिन्याला आठ हजार. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं. मीही शिलाईचे, फॉल-पिकोचे पैसे लिहिले. लपवण्याइतके ते नव्हतेच म्हणा. मग आठवलं, गाडीच्या लोनसाठी त्याने पगाराच्या स्लिपचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. पीएफची कपात, ओव्हरटाइमचा रकाना, सगळं वाचता येत होतं. वकीलबाईंनी प्रिंट काढली, मोबाईलमधल्या पुराव्याला लागतं ते प्रमाणपत्र जोडलं. शेतमजुराचा पीएफ कोण कापतं, याचं उत्तर समोरच्या वकिलांना देता आलं नाही. बायांनो, असे फोटो डिलीट करू नका, एवढंच सांगते.

खर्च मंजूर झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. त्याने दोन महिने भरला आणि हात वर केले. आई चिडून म्हणाली, "पैसे देत नाही तर लेकरू दाखवू नको." वकीलबाईंनी बजावलं, खर्च वेगळा, भेट वेगळी. भेट अडवली तर आदेश मोडणारी मीच ठरेन. म्हणून रविवारी पोराला नवा शर्ट घालून पाठवते. मनातून जळते, पण पाठवते.

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये असतात. घटस्फोटाची केस चालू असलेल्या बाईलाही अर्ज करता येतो, पण वर्षाच्या उत्पन्नाची अट 21,000 ची आहे. तलाठ्याकडून तो दाखला आणायला गेले तर "नवरा हयात आहे ना?" हे आधी ऐकावं लागलं. तो अर्ज तहसीलमध्ये पडून आहे.

थकबाकीसाठी आता वसुलीचा अर्ज टाकलाय. सोबत कलम 20 मधलंच एक पोटकलम वापरलंय: कोर्ट थेट कंपनीला सांगू शकतं की पगारातून कापून बाईला द्या. कंपनीचा पत्ता त्या स्लिपवरच होता.