पाण्यात उभी, तरी सुकलेली पऱ्हाटी

सप्टेंबर महिना, यवतमाळ जिल्ह्यातलं एक खोलगट शेत. वीसेक दिवस पावसाची उघाड, कडक ऊन आणि मग एका रात्रीत धो-धो पाऊस. सकाळी गेलो तर बोंडं भरत आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकून उभी.

"साहेब, पाण्यात उभी हाये, तं सुकते कायले?" शेतमालक काकांनी बुरशीनाशक आणूनच ठेवलं होतं.

आधी एक झाड उपटलं. मुळं कुजलेली नव्हती. बुंधा उभा चिरला, आत तपकिरी रेषा नाही. धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाजवळची, उंचावरची झाडं ताठ होती. म्हणजे हा बुरशीचा मर रोग नव्हे, आकस्मिक मर: पाणी साचून झाड अचानक कोमेजणं.

पानं ऑक्सिजन सोडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण मुळांना तो मातीच्या पोकळ्यांतूनच घ्यावा लागतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. काळी माती भिजून फुगते, पोकळ्या बुजतात, उरलेल्यांत पाणी भरतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. मुळांचा श्वास कोंडला की ऊर्जा तुटते आणि पाणी ओढणंच मंदावतं. वर उन्हात पानांतून बाष्प जातच असतं. शिवाय गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा, म्हणजे झाडातच बनणाऱ्या एका संप्रेरक वायूचा, कच्चा माल साचतो. तो खोडातून वर चढला, हवा लागली, की इथिलीन बनतं. पानं लोंबतात, पात्या (फुलांच्या कळ्या) गळतात. भंडारा-गोंदियातलं धान पाण्यात तगतं, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात.

म्हणून फवारणीचा पंप बाजूला ठेवून फावडी घेतली. उताराकडचा धुरा फोडला, चार-चार ओळींआड चर काढून पाणी नाल्यात सोडलं. मग आळवणी, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतणं: 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश, 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड, दर झाडाच्या बुंध्याशी 150 मिली. नुकत्याच झुकलेल्या झाडांवर कोबाल्ट क्लोराईड फवारलं, 200 लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग). कोबाल्ट इथिलीन बनणं रोखतं, पण झाड झुकताच फवारलं तरच. पानं वाळल्यावर तो खर्च वाया. खुरपं मात्र वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून माती मशागतीजोगी होईपर्यंत, लावू दिलं नाही, चिखल तुडवला की उरलीसुरली हवाही जाते.

पाचव्या दिवशी चरांलगतच्या ओळी सावरल्या होत्या. अगदी खोलात, जिथे दोन दिवस पाणी हटलंच नाही, तिथली झाडं गेली.