राधानगरीच्या जंगलाचे मोल कसे मोजावे?

कोल्हापुरात राधानगरी अभयारण्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘गेटवर वर्षाला किती जमा होते?’ प्रवेशशुल्क हा सरकारने ठरवलेला दर आहे. लोकांना त्या जंगलाचे किती मोल वाटते, हे त्यावरून कळत नाही.

अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात यावर वाट सुचवली होती. उद्यानाभोवती अंतरानुसार पट्टे कल्पावेत, प्रत्येक पट्ट्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात किती माणसे येतात आणि त्यांना किती खर्च येतो हे नोंदवावे, म्हणजे खर्च वाढत जाईल तशा भेटी कशा घटतात ते दिसते आणि त्यावरून मागणीवक्र, म्हणजे खर्च आणि भेटींचे नाते दाखवणारी रेषा, काढता येतो. याच अभयारण्यातल्या दाजीपूरसाठी कोल्हापूर शहर, सांगली, पुणे, मुंबई असे पट्टे पाडता येतील. जवळच्या माणसाने जितका खर्च करायची तयारी ठेवलेली असते आणि प्रत्यक्षात त्याला जितका येतो, त्यातील फरक म्हणजे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य. जंगलाचे पर्यटनमूल्य मुख्यतः तिथे असते, पावतीपुस्तकात नव्हे.

अडचण येते ती आपल्याकडच्या सहलींच्या स्वरूपामुळे. पुण्याचे कुटुंब अंबाबाईचे दर्शन घेते, जोतिबा आणि पन्हाळा करते आणि दुसऱ्या दिवशी दाजीपूरला जाते. त्याचा सगळा प्रवासखर्च गव्यांच्या नावावर टाकणे उघडच चुकीचे ठरेल. माझ्या मते मुक्काम आणि दिवस यांच्या प्रमाणात वाटणी करणे त्यातल्या त्यात बरे, पण ‘दाजीपूर नसते तर आला असता का?’ हा प्रश्नही विचारायलाच हवा. वाटेतल्या मिसळीचे पैसे मात्र धरू नयेत; कोल्हापूरकराने ती रविवारी घरी राहूनही खाल्लीच असती.

शिवाय हे संतोषाधिक्य पर्यटकाचे, गावाचे नव्हे. 1985 मध्ये विस्तारलेल्या या सुमारे 351 चौरस किलोमीटरच्या अभयारण्यालगत शेती करणाऱ्याच्या भातात आणि उसात गवे शिरतात, तो तोटा पर्यटकाच्या खर्चाच्या हिशेबात कुठेच उमटत नाही. त्यामुळे असा अहवाल कोणी तयार केलाच, तर जीपवाले, वाटाडे आणि घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबांच्या हाती उरणारी रक्कम वेगळी दाखवावी आणि पिकांची नुकसानी त्याच तक्त्यात शेजारी मांडावी.